जनावराची हेळसांड केल्याचा चुकीचा आरोप आला तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी तीस वर्षं नोकरी केली. या काळात पोलिसांच्या पत्रावरून कितीतरी जनावरांची तपासणी करून दाखले लिहिले. त्यातल्या काही दाखल्यांमुळे जनावरांचे खरे हाल करणाऱ्यांना शिक्षा झाली, याचं समाधान आहे. पण पोटच्या पोरासारखं जनावर सांभाळणाऱ्या माणसाच्या दारातही पोलीस उभे राहिलेले मी पाहिलेत. असा माणूस आधी रडतो, मग चिडतो, आणि चिडून काहीतरी बोलून बसतो. हे प्रश्न अशाच लोकांनी मला वेळोवेळी विचारलेले आहेत.

दारात कुणी आलंय आणि म्हणतंय, "तुमच्या जनावराबद्दल तक्रार आहे." पहिल्यांदा काय करू?

आवाज चढवू नका. हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड. पण "माझं जनावर आहे, मी काय पण करीन" हे एक वाक्य पुढे जबाबात जसंच्या तसं उतरतं आणि तिथून माणसाची सुटका होत नाही. पाणी विचारा, बसायला सांगा. नाव, पद आणि ओळखपत्र बघून वहीत टिपून घ्या. तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते विचारा: खाणं, पाणी, निवारा, जखम, साखळी, की आणखी काही? तारीख-वेळ लिहा. घरातलं किंवा शेजारचं एक शहाणं माणूस जवळ बोलावून घ्या. गावात असाल तर पोलीस पाटलांना बोलवा.

लिहून दिलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. जबाबात तुम्ही न बोललेलं काही आलं असेल तर तिथेच दुरुस्ती करायला सांगा. "मी जनावर स्वखुशीने देत आहे" अशी ओळ कुठे दडलेली नाही ना, हे मुद्दाम बघा. घाबरलेला माणूस ती ओळ न वाचता सही करतो.

आलेला माणूस नक्की कोण आहे? त्याला अधिकार काय?

आपल्याकडे परदेशासारखा एकच 'प्राणी अधिकारी' नसतो. दारात पोलीस येऊ शकतात, महापालिकेचे लोक येऊ शकतात, प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीचा निरीक्षक येऊ शकतो, मानद प्राणी कल्याण अधिकारी येऊ शकतो किंवा एखाद्या संस्थेचे स्वयंसेवक येऊ शकतात. सगळ्यांचे अधिकार सारखे नाहीत.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ३४ प्रमाणे जनावर तपासणीसाठी ताब्यात घेण्याचा अधिकार कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला आहे. म्हणजे हेड कॉन्स्टेबलही घेऊ शकतो. राज्य सरकारने तसा अधिकार दिलेल्या व्यक्तीलाही तो आहे. तेव्हा वर्दी नसलेल्या माणसाला शांतपणे एवढंच विचारा: "साहेब, जप्तीचा अधिकार देणारा आदेश दाखवता का?" गळ्यातलं ओळखपत्र म्हणजे तो आदेश नव्हे. स्वयंसेवक तक्रार करू शकतात, फोटो देऊ शकतात, पोलिसांना मदत करू शकतात. तुमची गाय सोडून घेऊन जाऊ शकत नाहीत.

त्यांना गोठ्यात किंवा घरात येऊ द्यायचं का?

घराची झडती घ्यायची तर कलम ३३ खाली दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षक यांनी स्वतः यावं लागतं, किंवा त्यांचं वॉरंट घेऊन निदान उपनिरीक्षक तरी यावा लागतो. हा तुमचा हक्क आहे आणि तो माहीत असायला हवा.

तरीही माझा सल्ला थोडा वेगळा आहे. गोठा नीट असेल तर स्वतःहून दाखवा. बंद दार बघून संशय वाढतो आणि उघडा गोठा बघून निम्मी प्रकरणं तिथल्या तिथे मिटतात. गव्हाणीत कडबा आहे, हौदात पाणी आहे, जनावर बसून रवंथ करतंय, हे डोळ्यांनी दिसलं की आलेल्या माणसाचा सूर बदलतो. मात्र दाखवताना तुम्हीही मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे पोलिसांवरही बंधनकारक आहे. ते झालं का, हे नोंदवून ठेवा.

कायदा हेळसांड कशाला म्हणतो?

१९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये यादी आहे. नेहमी लागणाऱ्या बाबी अशा: पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, फार आखूड किंवा फार जड साखळीने जास्त वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, जखमी, आजारी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला जुंपणं, कारण नसताना वाऱ्यावर सोडून देणं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात यात पाच स्वातंत्र्यांची कसोटी आणली: भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक.

त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये अपवाद आहेत. वेसण घालणं, खच्चीकरण, शिंगं काढणं, डाग देणं हे ठरलेल्या पद्धतीने केलं तर गुन्हा होत नाही. शहरातून आलेल्या माणसाला वेसण बघून धक्का बसतो, तेव्हा हे सांगता आलं पाहिजे.

बरगड्या दिसतात म्हणजे जनावर उपाशीच, असं म्हणतात. हे खरं का?

नाही. चुकीच्या तक्रारींतल्या सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जात बघा. सोलापूर-सांगली भागातली कारवान आणि पश्मी कुत्री पळण्यासाठीच घडलेली आहेत. पोट खपाटीला, कंबर बारीक, कातडी पातळ, मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच. मुधोळ कुत्र्याचंही तसंच, ज्याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघालं. लॅब्रॅडॉर बघायची सवय झालेल्या डोळ्याला ही कुत्री उपाशी वाटतात. खिलार बैलाची कातडीही अंगाला घट्ट चिकटलेली असते.

मग जनावर कोणत्या अवस्थेत आहे ते बघा. व्यायल्यानंतरचे पहिले दोन-अडीच महिने म्हैस किंवा संकरित गाय जेवढं खाते त्याहून जास्त दुधात घालते. अंगावरची चरबी उतरते. उत्तम खुराक असूनही ती या काळात खंगल्यासारखी दिसते, आणि पुढे भरून येते.

म्हातारपणही बघा. चौदा वर्षांच्या कुत्र्याच्या मांड्या बसतात, पाठीचा कणा वर येतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तूप-भात पुढे ठेवूनही ते तोंड फिरवतं. एका बाईंच्या कुत्र्याबद्दल शेजाऱ्यांनी "उपाशी मारतात" अशी तक्रार केली होती. त्या रोज रात्री दोनदा उठून त्याला सिरिंजने पेज पाजत होत्या. फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर तारीखवार, किती मिली गेलं आणि किती उलटलं, अशी सगळी नोंद होती. मी दाखल्याला त्या कागदाची प्रत जोडली.

खरजेवर उपचार चालू असतानाचं केस गेलेलं, मलम फासलेलं अंग बाहेरच्याला भयंकर दिसतं. चिखलात लोळून आलेली म्हैस 'घाणीत ठेवलेली' वाटते. म्हशीला घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा फार कमी असतात. वाळलेला चिखल तिला उन्हापासून आणि माश्यांपासून वाचवतो.

म्हणून अंदाजावर न जाता शरीरस्थितीचा अंक मागा. कुत्र्यासाठी तो १ ते ९ असा असतो, ४-५ म्हणजे उत्तम. गाई-म्हशींसाठी सहसा १ ते ५. पशुवैद्य हात फिरवून, हाडं चाचपून तो ठरवतो. दाखल्यात "कृश" एवढाच शब्द असेल तर पुरेसा नाही. अंक, तापमान, रवंथ, शेण, डोळे, कातडी, वय आणि विताचा काळ, म्हणजे व्यायला किती दिवस झाले ते, लिहायला सांगा.

पुरावा म्हणून काय चालतं? आमच्याकडे काही कागद नाहीत.

असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या घरात कागद असतात, त्यांना ते पुरावा वाटत नाहीत एवढंच.

आमच्या तालुक्यातली एक आक्का. एकच म्हैस. डोंगरावर फिरायला आलेल्या कुणीतरी म्हशीचा फोटो काढून तक्रार केली. हेड कॉन्स्टेबल आले, मला पत्र आलं. मी गेलो तेव्हा आक्का उंबऱ्यात बसून होती, म्हणाली, "डाक्टर, माझ्याकडं कागुद न्हाई काय." म्हैस दावणीला बसून रवंथ करत होती. नाकपुडीवर दव, डोळे लख्ख, शेण बांधीव. खुब्याची हाडं मात्र वर आलेली. व्यायला चाळीस दिवस झालेले. मी विचारलं, दूध कुठे घालता? तिने फडताळातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत डेअरीच्या सकाळ-संध्याकाळच्या पावत्या रबर लावून ठेवलेल्या. रोजचं नऊ लिटर, फॅट सातच्या आसपास. पेंडीची उधारीसुद्धा त्याच दहा दिवसांच्या बिलातून कापलेली. उपाशी म्हैस नऊ लिटर दूध देत नाही. पंचनाम्याला त्या पावत्या जोडल्या आणि प्रकरण तिथेच थांबलं.

तेव्हा शोधा. पेंड, सुग्रास, कडबा, कुत्र्याचं खाद्य यांच्या पावत्या, ऑनलाइन मागवलेल्या खाद्याची जुनी यादी, लसीकरणाचं कार्ड, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि त्यावरची उपचारांची नोंद, १९६२ क्रमांकावर फोन करून बोलावलेल्या फिरत्या दवाखान्याची चिठ्ठी, औषधांची बिलं, रक्त तपासणीचे अहवाल, मोबाइलमधले तारखेसह जुने फोटो. दूधवाला, पेंडवाला, सकाळी फिरायला येणारे लोक यांना साक्षीला घेता येतं.

तक्रार आल्याच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, पशुवैद्याकडून तपासणी करून दाखला घ्या. तो त्या दिवसाच्याच तारखेचा हवा. मागची तारीख घालून द्या, अशी गळ मला अनेकांनी घातली. मी कधीच दिली नाही आणि तुम्हीही कुणाकडे मागू नका. एक खोटा कागद सापडला की दहा खरे कागद वाया जातात.

तक्रारीतलं थोडंसं खरं असेल तर?

तर ते आधी मान्य करा, निदान स्वतःशी. तक्रार करणारा आकसाने बोलत असला तरी साखळी दीड हाताचीच असेल तर ती आखूडच आहे. आजच बदला. कुत्र्याला उभं राहता, वळता, पसरून झोपता आणि पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे. दुपारी सावली सरकते, मग बांधायची जागाही सरकली पाहिजे. बैलाचा खांदा आला असेल, तिथे जखम असेल, तर ती भरेपर्यंत जू ठेवू नका. ऊस तुटायचा राहिला तरी चालेल. १९६५ च्या नियमांप्रमाणे कामाच्या जनावराला दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. ज्या भागात पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपता येत नाही.

सुधारणा केली की तसं लेखी कळवा: अमुक तारखेला साखळी बदलली, छप्पर घातलं, सोबत फोटो. समोरचा अधिकारी समंजस असेल तर त्याला हेच हवं असतं. अन्नाचा आरोप खोटा आणि साखळीचा खरा असेल तर उत्तरात दोन्ही वेगवेगळं लिहा. सरसकट "सगळं खोटं आहे" म्हणणाऱ्याचं मग काहीच खरं मानत नाहीत.

"एन.सी. झाली आहे" म्हणाले. अटक होईल का?

एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. १९६० च्या कायद्यातले अन्न-पाणी, निवारा, साखळी यांचे गुन्हे अदखलपात्र आहेत. कलम ३१ प्रमाणे मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत, जसं प्राण्याला क्रूरपणे मारून टाकणं किंवा प्राण्यांच्या झुंजी लावणं. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर या कायद्याखाली तो दाखल करता येत नाही, असं कलम ३६ सांगतं.

कधी कधी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावलं जातं. ते प्राण्याला ठार करणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी आहे आणि दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. नुसत्या रोडपणावर ते बसत नाही. लावलं असेल तर वकील गाठायला उशीर करू नका. पैशांची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जनावर जप्त करून नेलं. परत कसं मिळवायचं?

इथे दिवस मोजून चालावं लागतं. पंचनाम्याची आणि जप्तीच्या पावतीची प्रत घ्या. जनावर कुठल्या पांजरपोळात, गोशाळेत किंवा दवाखान्यात ठेवलंय ते लेखी मागा. नेण्याआधी चारही बाजूंनी फोटो, बिल्ल्याचा क्रमांक, अंगावरच्या खुणा टिपून ठेवा.

मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जनावर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, परत मिळण्याचा अर्ज करायचा. नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३ त्यासाठी आहेत. सोबत पशुवैद्याचा दाखला, मालकीचा पुरावा, आणि जनावर कुठे व कसं ठेवणार याचा मजकूर जोडा. दुभती गाय असेल, पाठीशी वासरू असेल, रोजचं इन्सुलिन लागणारं कुत्रं असेल, तर ते ठळकपणे लिहा.

२०१७ साली केंद्राने जप्त जनावरांच्या सांभाळाचे नियम केले. त्यानुसार जनावराची पशुवैद्यकीय तपासणी आणि ओळख-नोंद व्हायला हवी. सांभाळाच्या खर्चासाठी मालकाकडून बंधपत्र मागितलं जाऊ शकतं आणि त्याची मुदत फार थोडी असते. ती चुकली तर जनावर हातचं जातं. निर्दोष सुटलात तर जनावर परत मिळायला हवं, हेही त्याच नियमांत आहे. १९६० च्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे मालक गरीब असेल तर दंडाधिकारी उपचाराचा खर्च माफ करू शकतात. मागितल्याशिवाय मात्र कुणी देत नाही.

दंड पन्नास रुपयेच आहे म्हणे. भरून मोकळा होऊ का?

पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, हे खरं आहे. तीन वर्षांत पुन्हा झाला तर २५ ते १०० रुपये किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा पन्नास रुपये टाकावेत, हा विचार कुणाच्याही मनात येतो.

पण गुन्हा कबूल केला की दोषसिद्धी होते. जनावर जप्तीत असेल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यावरचा तुमचा मालकी हक्क जातो. म्हणजे पन्नास रुपये भरून तुम्ही लाखाची म्हैस किंवा अकरा वर्षांचा सोबती घालवून बसता. शिवाय पुढची तक्रार आली तर ती दुसरी ठरते. केलं नसेल तर कबूल करू नका.

अधिकारीच आकस धरून वागतोय. त्याची तक्रार कुठे करू?

आधी कागद गोळा करा. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून तपासणी अहवाल, तक्रारीची प्रत आणि पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतली नोंद मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. अहवालात पशुवैद्याची सही नसेल, तारीख चुकीची असेल किंवा दुसऱ्याच जनावराचं वर्णन असेल, तर तुमची बाजू आपोआप उभी राहते. मग पोलिसांबद्दल उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांकडे, प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या निरीक्षकाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे, मानद अधिकाऱ्याबद्दल भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे लेखी अर्ज करा. अर्जात विशेषणं नकोत. तारीख, वेळ, काय बोलले, काय केलं, एवढंच.

१९६० च्या कायद्याच्या कलम ४० मुळे सद्‌हेतूने काम करणाऱ्या लोकसेवकाला संरक्षण आहे. त्यामुळे चुकीचा निष्कर्ष आणि मुद्दाम दिलेला त्रास यांत फरक करा. माझ्या पाहण्यात बहुतेक अधिकारी चुकतात ते घाईने आणि जनावरांची माहिती नसल्याने. त्यांना दाखला दाखवला की ते ऐकतात. तक्रारदाराने जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर न्याय संहितेचं कलम २१७ आहे, पण त्याच्या मागे लागण्याआधी स्वतःचं प्रकरण मिटू द्या.

शेजाऱ्यांनी व्हिडिओ टाकलाय, लोक शिव्या देताहेत.

खाली उत्तरं देत बसू नका. त्या व्हिडिओची लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. तुमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या समितीला पशुवैद्याच्या दाखल्याची प्रत द्या. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. धमक्या आल्या तर पोलिसांत द्या.

आम्ही अमेरिकेत असतो. इथे अ‍ॅनिमल कंट्रोलचा अधिकारी येऊन गेला.

तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. पण मुदती सगळीकडे कडक असतात. कॅलिफोर्नियात दंडसंहितेच्या कलम ५९७.१ खाली जनावर नेलं तर नोटिशीच्या तारखेपासून १० दिवसांत सुनावणी मागावी लागते, नाहीतर तो हक्क जातो. टेक्सासमध्ये जप्तीचं वॉरंट निघाल्यापासून १० दिवसांच्या आत सुनावणी ठेवली जाते. वॉरंट किंवा तातडीचं कारण नसेल तर घरात येऊ देण्याची सक्ती नाही. तुम्ही "या" म्हणालात की ती संमती होते. दारावर चिकटवलेली नोटीस भारतात असताना राहून गेली, असं होऊ नये म्हणून शेजाऱ्यांना सांगून जा.

जनावर परत आलं, पण खात नाही. काय करू?

बरेच जण आनंदाने त्याच दिवशी पाटीभर पेंड पुढे ठेवतात. तसं करू नका. तिकडे नुसत्या वाळल्या चाऱ्यावर राहिलेल्या पोटाला एकदम खुराक सोसत नाही, आंबवण होऊन जनावर दगावू शकतं. पहिले दोन-तीन दिवस कडबा, थोडी हिरवी वैरण आणि भरपूर पाणी. पेंड मूठ-मूठ वाढवत आठवड्याभरात पूर्वीच्या मापावर न्या. दोन आठवडे बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा, गोचीड बघा, ताप मोजा, खुरांत जखम आहे का पाहा. कुत्रं असेल तर त्याचं जुनं अंथरूण न धुता तसंच द्या. त्याला स्वतःचा वास ओळखता आला की ते लवकर निवांत होतं. पहिल्या रात्री कुणीतरी त्याच्याजवळ झोपा.